नाव आत्यानेच ठेवायचं

एरंडवणे, पुणे ४
सोमवार, १० जानेवारी १९८३

कुसुमवन्सं यांना,

मायना काय लिहावा यात माझा अर्धा तास गेला आणि दोन कागद फुकट गेले. 'तीर्थरूप' लिहिलं तर तुम्ही हसाल, आणि 'प्रिय' लिहिलं तर म्हणाल, ही कोण लागून गेली! म्हणून नुसतंच 'वन्सं' लिहिलंय. नात्याने तुम्ही माझ्या नणंद आहात, आणि ते नातं जोडायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

आपली ओळख नाही, तेव्हा आधी ती करून देते. मी नीरजा. तुमच्या धाकट्या भावाची, यज्ञेश्वरची बायको. माहेर कसबा पेठेत. लग्नाला येत्या मे महिन्यात तीन वर्षं होतील. लग्नात तुम्ही नव्हतात. नणंदेचा मान घ्यायला तुमच्या चिंचवडच्या चुलत बहिणीला उभं केलं होतं, आणि त्यांनी तो अगदी पुरेपूर वसूल केला.

आता कामाचं. मला सातवा महिना संपत आलाय. डॉक्टरांनी चौदा मार्च सांगितली आहे. बारशाला नाव आत्याने ठेवायचं असतं. आमच्या बाळाला सख्खी आत्या एकच, ती तुम्ही. तेव्हा बारशाला यायचं आणि बाळाच्या कानात नाव सांगायचं. हे आमंत्रण समजा, विनंती समजा, आगाऊपणा समजा. पण या.

घरची खबरबात तुम्हाला चार-पाच वर्षांत कुणी दिली नसेल, म्हणून थोडक्यात देते. नाना सहासष्टचे झाले. तब्येत खणखणीत, फक्त डावा गुडघा कुरकुरतो. पाटबंधारे खात्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी घरात अजून ऑफिसचीच वेळ चालते. सकाळचा चहा सहा वाजून दहा मिनिटांनी. सव्वासहाला दिला तर पितात, पण घड्याळाकडे एकदा बघून. तुमचे बंधुराज पिंपरीला कारखान्यात आहेत. डोक्यावरचं मागे सरलंय, पोट पुढे आलंय, स्वभाव आहे तिथेच आहे. म्हणजे कुणाला दुखवायचं नाही, आणि त्यासाठी काही बोलायचंच नाही. तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

तुमचा पत्ता मला त्यांच्या खिशातल्या डायरीत मिळाला. दर जानेवारीला ते तो नव्या डायरीत उतरवून घेतात. गेली तीन वर्षं मी बघते आहे. वापरल्याचं मात्र एकदाही बघितलं नाही.

उत्तर घरच्याच पत्त्यावर पाठवा. चोरून काही करायचं नाही मला. टपाल नाना घेतात, पण पाकिटावर माझं नाव असलं तर ते उघडणार नाहीत. एवढी सभ्यता या घरात आहे.

नासिररावांना नमस्कार. बिलकिसला म्हणावं, तुला एरंडवण्यात एक मामी आहे.

तुमची,
नीरजा


बुधवार, १९ जानेवारी

वन्सं,

उत्तर नाही. हरकत नाही. मी काही अशी गप्प बसणारी नाही. मागचं पत्र पेटीत टाकायला तुळजाबाईंना दिलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "टाकते. पर जवाब यायचा न्हाई, मी सांगून ठेवते. लई मानी हाय ती." तुळजाबाई आमच्याकडे धुण्याभांड्याला आहेत, लोणी काळभोरच्या. तुमच्या आईंच्या वेळेपासूनच्या, म्हणजे तुम्हाला ओळखत असणार. मी म्हटलं, मानी तर मीपण आहे.

मागच्या पत्रात एक गोष्ट लपवली होती. घराबाहेर पडत नाही असं लिहिलं नव्हतं, पण एरवी मी पत्र कशाला लिहीत बसले असते? सरळ बस पकडून हडपसरला आले असते आणि तुमच्या दारात ठाण मांडून बसले असते. डॉक्टरांनी मला खाटेवरून उठायची बंदी केली आहे. गेल्या वर्षी एकदा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. या वेळी पाचव्यात पुन्हा थोडा त्रास झाला, तेव्हापासून मी आडवी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर माहेर कसब्यात तिसऱ्या मजल्यावर. जिने चढायचे नाहीत म्हणून आई रोज डबा घेऊन इकडे येते, आणि दर वेळी हे घर तळमजल्यावर आहे यात सासरचा मोठेपणा असल्यासारखं कौतुक करते. माझी खाट नानांच्या आरामखुर्चीशेजारी पुढच्या खोलीत लावली आहे. त्यामुळे घरात काय बोललं जातं ते सगळं मला ऐकू येतं, आणि मी काय बोलते ते त्यांना ऐकावंच लागतं.

घाबरले आहे का? आहे. पण घाबरण्यापेक्षा माणसं गोळा करावीत असं माझं मत आहे. बाळ येईल तेव्हा त्याची सगळी माणसं दारात उभी असावीत, एकही कमी नको. एवढ्याचसाठी हा खटाटोप.

रविवारी डोहाळजेवण झालं. मी खाटेवरच, अंगावर हिरवी साडी आणि हलव्याचे दागिने. चिंचवडच्या वन्सं आल्या होत्या. ओटी भरता भरता म्हणाल्या, "बारशाची काळजी करू नकोस. कुसुम नाही तर काय झालं, मी आहे ना! नाव मी सुचवूनसुद्धा ठेवलंय." मी म्हटलं, "आत्या आहे बाळाला. हडपसरला असते. नाव ती ठेवेल." माझ्या आईने घाईघाईने पंधराही बायकांना बर्फी वाटली.

बायका गेल्यावर नाना आतल्या खोलीतून येऊन खुर्चीत बसले. बराच वेळ पेपर धरला होता, उलटा नव्हता, पण पान काही उलटत नव्हतं. मग म्हणाले, "तिचा पत्ता कुणी दिला?" मी खरं सांगितलं. मग तेच बोलले, मी विचारलंसुद्धा नव्हतं. "तिने नासिरशी लग्न केलं तेव्हा मी चिडलो होतो, हे खरं. माझ्याच हाताखालचा मुलगा, रोज घरी चहाला यायचा. पण वर्षभरात तो राग उतरला. तुझ्या सासूबाई एक गुरुवार आड तिच्याकडे जायच्या, मी कधी अडवलं नाही. पण त्या गेल्या त्या दिवशी मी कुसुमला निरोप पाठवला होता, आणि ती आली नाही. आईला शेवटचं बघायला आली नाही. त्यानंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही."

वन्सं, राग आला तर येऊ दे, पण मी लिहिते. हे मला पटलं नाही. वडिलांशी कितीही वाकडं असो, आई गेल्याचं कळल्यावर पाय निघत नाहीत, असं कसं होतं? तेराव्यापर्यंत नाना पुढचं दार लावू देत नव्हते म्हणे. तुम्ही का नाही आलात?

सोबत संक्रांतीचा हलवा पाकिटात घातला आहे. पोस्टात त्याचा भुगा होईल. भुगा गोडच लागतो.

नीरजा


शनिवार, २९ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र गुरुवारी आलं. नानांनी पोस्टमनकडून टपाल घेतलं, एक विजेचं बिल, एक लग्नपत्रिका आणि तुमचं पाकीट. पाकिटावरचं अक्षर त्यांनी ओळखलं. ते ओळखणार नाहीत तर कोण, तुम्हाला पाटीवर गिरवायला त्यांनीच शिकवलं ना? चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पाकीट माझ्या उशाशी ठेवून म्हणाले, "तुझं पत्र आहे." मग फिरायला गेले. ती काही त्यांची फिरायची वेळ नव्हती.

तुम्ही सहा ओळी लिहिल्यात. त्या मी इतक्यांदा वाचल्या की आता न बघता म्हणू शकेन. "आई मंगळवारी गेली. मला शुक्रवारी शाळेच्या स्टाफरूममध्ये पेपर उघडल्यावर कळलं. गुरुवारी मी तिच्यासाठी उपासाचं थालीपीठ करून संध्याकाळपर्यंत वाट बघत होते. मला कुणीही, कसलाही निरोप दिला नाही. ज्या घराने तेवढंही कळवलं नाही, त्या घरातल्या बाळाचं नाव मी का ठेवावं? तुझी तब्येत जप."

मी चुकले. आधी तेवढं लिहिते. ज्यांना ओळखत नाही त्यांना खाटेवर पडल्या पडल्या जाब विचारणं हा माझा शहाणपणा. मागच्या पत्रातलं ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. क्षमा करा.

पण क्षमा मागून झाल्यावर माझं डोकं चालायला लागलंच. नाना खोटं बोलत नाहीत. तीन वर्षं मी त्यांच्यात दुसरे सतरा दोष काढले आहेत, हा एक सापडलेला नाही. आणि तुम्ही खोटं का लिहाल? म्हणजे निरोप इथून निघाला आणि तिथे पोचला नाही. एरंडवण्यापासून हडपसरपर्यंत तो कुठे गेला, हे आता मला शोधायचं आहे. नेणारा कोण होता ते मी अजून विचारलेलं नाही. खरं सांगू, विचारायची गरज पडेल असंही वाटत नाही. डायरीतला तो पत्ता गेले दोन दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही.

"तुझी तब्येत जप" हे शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत. नसतं लिहिलंत तरी चाललं असतं. लिहिलंत म्हणून मी अजून लिहिते आहे.

नीरजा


बुधवार, २ फेब्रुवारी

वन्सं,

जे आहे ते लिहिते, सजवत नाही.

रविवारी दुपारी नाना ग्रंथालयात गेले होते. हे माझ्या खाटेशी बसून मटार सोलत होते. मी विचारलं, "आई गेल्या तेव्हा वन्संना निरोप द्यायला कोण गेलं होतं?"

"मी."

"काय म्हणाल्या?"

मटार संपले तरी हे रिकाम्या सालांतून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "नीरजा, मी सांगितलंच नाही."

त्या दिवशी आई साडेदहाला गेल्या. चहाचा कप ठेवायला वाकल्या आणि उठल्याच नाहीत. नानांनी यांना स्कूटरवरून पाठवलं. "कुसुमला घेऊन ये" असं सांगितलं होतं, नुसतं कळव असं नाही. हे सव्वाबाराला तुमच्या घरासमोर पोचले. तुम्ही सकाळची शाळा करून घरी आला होतात आणि दारात पायरीवर बसून बिलकिसची वेणी घालत होतात. ती सारखी मान वळवत होती आणि तुम्ही तिला दामटत हसत होतात. हे रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. तोपर्यंत त्यांनी कुणालाच तोंडाने सांगितलं नव्हतं. घरात सगळ्यांना दिसतच होतं, सांगायची वेळ आली नव्हती. 'आई गेली' एवढे दोन शब्द. ते म्हणतात, तिची वेणी होऊ दे, मग सांगतो असं ठरवलं. वेणी झाली. तुम्ही तिला उचलून आत गेलात. मग म्हणे दार वाजवायला हात उचलेना. अर्धा तास तिथे उभे राहिले आणि स्कूटर वळवून परत आले.

घरात पाऊल टाकल्यावर नानांनी विचारलं, "सांगितलंस?" यांनी मान हलवली. नानांनी विचारलं, "येते आहे का?" यांनी पुन्हा मान हलवली, या वेळी नाही म्हणून.

एवढंच. दोनदा मान हलवली, आणि सव्वाचार वर्षं झाली. रोज उद्या सांगू, रोज उद्या सांगू. नंतर सांगण्यात अर्थ राहिला नाही असं त्यांना वाटायला लागलं. पत्ता तेवढा दर वर्षी उतरवत राहिले.

मी त्यांना काय बोलले ते लिहीत नाही. माझी आई डबा घेऊन आली, तिने माझा चेहरा बघितला आणि डबा ठेवून लगेच परत गेली, त्यावरून समजा. ते रडले. मला दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. अजून दोन्ही आहेत.

त्यांची बाजू घ्यायला हे पत्र नाही. चोवीस वर्षांचा मुलगा, आई गेलेली, हे सगळं मला कळतं. पण दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. तिसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. गुरुवारी तुम्ही वाट बघत होतात तेव्हाही सांगता आलं असतं. हे माझ्या नवऱ्याने केलं आहे, आणि ते तुम्हाला माझ्याकडून कळावं अशी लाज मला वाटते. तरी कळायला हवं होतं.

मी नानांना काही सांगितलेलं नाही. ते सांगायचं काम माझं नाही.

नीरजा


शनिवार, १२ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. उघडं कार्ड पाठवलंत, पोस्टमनपासून नानांपर्यंत कुणीही वाचावं असं, आणि त्यावर एकच ओळ. "नानांना खरं कोण सांगणार?" कार्ड नानांच्याच हातून आलं. त्यांनी वाचलं असेल का? ते म्हणतील, दुसऱ्याचं टपाल मी वाचत नाही. पण कार्ड उशाशी ठेवताना त्यांनी मजकुराची बाजू खाली करून ठेवली. कुठली बाजू खाली करायची हे कळायला आधी ती बघावी लागते.

तुम्ही विचारलात प्रश्न, पण मी ती तुमची अट समजते, आणि ती मला मंजूर आहे. यज्ञेश्वरांना तसं सांगितलं. नानांना खरं कळल्याशिवाय तुम्ही या घरात पाऊल ठेवणार नाही, आणि तुम्ही आल्याशिवाय मी बाळाचं नाव ठेवू देणार नाही. बाराव्या दिवशी नाही, पन्नासाव्याही नाही. त्याला 'अरे' आणि 'अगं' म्हणून वाढवू. शाळेत घालायची वेळ येईल तेव्हा बघू. चिंचवडच्या वन्संनी आवडती नावं काढून ठेवली आहेत, ती त्यांनी नातवंडांसाठी जपून ठेवावीत.

हे ऐकल्यापासून यांची अवस्था बघवत नाही. खोटं कशाला बोलू, बघून थोडं हसूही येतं. रोज सकाळी दाढी करून नानांसमोर उभे राहतात. "नाना," म्हणतात. नाना पेपर खाली करतात. "काय?" मग हे विचारतात, "आज थंडी जरा कमी आहे, नाही?" नाना म्हणतात, "फेब्रुवारी आहे." की हे निघाले पिंपरीला. परवा म्हणाले, "तूच सांग ना, तुला बोलता येतं." मी म्हटलं, "एकदा दुसऱ्याचा निरोप तुमच्याकडे दिला, तर तो असा राहिला. आता तुमचा निरोप मी नेणार नाही. तुमचं तोंड आहे, ते वापरा."

तुळजाबाईंना सगळं माहीत झालं आहे. कसं, ते विचारू नका. भांडी घासता घासता मला म्हणाल्या, "दादा वाईट न्हाई. पर भ्याड हाय. बाई, त्याला जरा टोचत ऱ्हा." मी टोचते आहेच.

बाळ जोरात हलतं. डॉक्टर म्हणाले, आता भीती बरीच कमी झाली, पण खाट सोडायची नाही. मला वाटतं बाळालाही कंटाळा आला असणार. घरात एवढं काय चाललंय आणि आपल्याला नीट ऐकू येत नाही, असं त्याला होत असेल.

बिलकिसचं नाव तिच्या फुफूने ठेवलं, असं यांनी मला सांगितलं. आईंनी त्यांना सांगितलं होतं म्हणे. म्हणजे तुमच्याकडेही हे आत्याचंच काम. मग तर तुम्हाला नाही म्हणायला जागाच राहत नाही.

नीरजा


रविवार, २० फेब्रुवारी
सकाळी नऊ

वन्सं,

घाईत लिहिते आहे. नाना आत दाढी करताहेत, आणि त्यांची दाढी बारा मिनिटांत होते.

यांनी सांगितलं. आज सकाळी, चहानंतर. मी खाटेवर होते, डोळे मिटून पडले होते. झोपेचं सोंग कुणालाही पटलं नसतं, पण दोघांनाही ते चालून गेलं. यज्ञेश्वर उभेच राहून बोलले. काही गाळलं नाही. तुमची पायरी, बिलकिसची वेणी, दोनदा मान हलवली, सगळं. आवाज मध्येच गेला, तेव्हा थांबले आणि पुन्हा सुरू केलं. एवढं मी त्यांच्या बाजूने लिहिते, कारण ते खरं आहे.

मी डोळे किलकिले करून नानांकडे बघितलं. हात खुर्चीच्या हातांवर, मान सरळ. मग त्यांनी विचारलं, "किती वाजता पोचला होतास?"

"सव्वाबाराला."

"आणि आपण तुझ्या आईला चारला नेलं."

"हो."

"पावणेचार तास होते," नाना म्हणाले. "पावणेचार तास होते, यज्ञेश्वर. कुसुम चालत निघाली असती तरी पोचली असती."

त्यानंतर ते रडले. मी या घरात त्यांना याआधी रडताना पाहिलेलं नव्हतं, आणि मी डोळे मिटून घेतले. यांनी त्यांच्या पायाशी बसायचा प्रयत्न केला, तेव्हा म्हणाले, "ऊठ. माझ्याकडे माफी मागू नकोस. माझी बायको गेली तेव्हा मी तिच्याजवळ होतो. जिला बघायला मिळालं नाही तिच्याकडे माग."

थोड्या वेळाने एकदम ऑफिसच्या आवाजात विचारलं, "हडपसरच्या थांब्यावर उतरल्यावर तिचं घर कुठल्या हाताला?" यांनी सांगितलं. "किती पावलं?" हेही विचारलं. गुडघ्यामुळे असेल. "मी स्कूटरवर सोडतो" असं हे म्हणाले, तर म्हणाले, "नको. तू एकदा जाऊन आला आहेस. या वेळी मी जातो. तू मागाहून ये, उद्या ये, तुझं तू बोल. पण निरोप माझा होता. पोचवायचा राहिलाय, तो मी पोचवतो."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जागी आहेस ना? तिला पत्र लिहायचं असेल तर लिही. नेतोच आहे. पुण्यातून पुण्यात पोस्टाने कशाला पाठवतेस?"

म्हणजे हे पत्र नाना घेऊन येत आहेत. इस्त्रीचा कोट घातलाय, फेब्रुवारीतसुद्धा. आत्ता आरशासमोर उभे राहून काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं. ते काय सांगायचं याची तालीम करत आहेत.

वन्सं, नावाचं आत्ता काही बोलू नका. बारशाचंही नको. चौदा मार्चला अजून तीन आठवडे आहेत, आणि ते आपण दोघी नंतर बघून घेऊ. मी वाट बघायला शिकले आहे, खाट माणसाला बरंच शिकवते. आज फक्त एक करा. ते दारात उभे राहून तुम्हाला सांगतील, "कुसुम, तुझी आई गेली." 'नाना, मला माहीत आहे' असं म्हणू नका. त्यांना पुरतं सांगू द्या. आणि तुम्हाला त्या मंगळवारी जे करता आलं नाही ते आत्ता करा, त्यांना धरून करा. ते त्यासाठीच दोन बस बदलून आले आहेत.

मी त्यांना बजावून सांगितलंय, आधी पत्र द्यायचं, मग बोलायचं. ते शब्दाचे पक्के आहेत. तुम्ही इथपर्यंत वाचेपर्यंत ते पायरीवर तसेच उभे असतील, गुडघा दुखत असेल तरी बसणार नाहीत.

पत्र खाली ठेवा आता. त्यांना बोलू द्या.

नीरजा